निळी दोरी

कडब्याचे गठ्ठे बांधायचं मशीन, बेलर, घ्यायचं ठरलं तेव्हा गोल गठ्ठ्याचा की चौकोनी, यावरून आमच्यात चांगलीच जुंपली. यांना चौकोनी हवा होता. गठ्ठे ट्रॉलीत नीट रचले जातात म्हणे. मी म्हटलं, ट्रॉलीचं कौतुक राहू द्या, तुम्ही एरंडोलला गेलात की गोठ्यापर्यंत चारा न्यायचा कोणी? मीच ना? गोल गठ्ठा लोटत तरी नेता येतो. नशिराबादकडे एका शेतात ट्रॅक्टरमागे गोल गठ्ठ्याचा बेलर चालताना पाहिला. पिंपाएवढा गठ्ठा मागून बदकन पडला आणि मी तिथेच हटून बसले. शेवटी गोलच घेतला.

तो गठ्ठा बांधायला तागाची सुतळी होती. ती सारखी तुटायची. दर वेळी मशीन थांबवा, सुतळी ओवा, पुन्हा चालू करा. हे वैतागले आणि प्लास्टिकची निळी दोरी घेऊन आले. मग काय, ज्वारीचा सगळा कडबा झपाट्यानं बांधून झाला.

गोठा मात्र सासूबाईंचा. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. म्हशीला दुसऱ्या कोणी चारा टाकलेला त्यांना खपत नाही, आणि म्हशीलाही खपत नाही. अक्कांनी जन्मभर हातानं बांधलेल्या पेंढ्या टाकल्या. पेंढी बांधायची ती ज्वारीच्याच ओल्या ताटानं. विळ्यानं बंध तोडायचा आणि बंधासकट सगळं गव्हाणीत. बंध म्हणजे चाराच की! मी सांगितलं होतं, अक्का, दोरी वेगळी काढा. त्या हो म्हणाल्या. पण हाताला लागलेली सवय कुठे ऐकते?

म्हशीनं रवंथ सोडला. पोट फुगलं. डॉक्टरांनी कुशीला चिरा दिला आणि आतून निळ्या दोरीचा गुंताच्या गुंता ओढून काढला. अक्का शेजारीच उभ्या होत्या. कोणी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "हाई मन्हा हातनं झायं."

म्हैस वाचली. पण हे अक्कांवर असे ओरडले की मला कानकोंडं झालं. "आजपासून गोठ्यात पाय ठेवायचा नाही!" अक्का ओसरीवर जाऊन बसल्या. मी मात्र गप्प बसणारी नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दोरी आणली कोणी? सुतळी तुटते म्हणून घाई झाली कोणाला? आणि शिक्षा म्हातारीला?"  

दोन दिवसांनी हे स्वतःच सगळी निळी दोरी उचलून बाहेर टाकून आले. बेलरला पुन्हा ताग लावला. आता सुतळी तुटते, मशीन थांबतं, आणि हे मुकाट्यानं खाली उतरून ती ओवतात. उरलेले निळे गठ्ठेही यांनीच एकेक करून सोडले. अक्कांजवळ बसून म्हणाले, "माय, आते तागनी शे. जाय तू गोठामा."

अक्का हाताकडे बघत म्हणाल्या, "मन्हा हातवर मन्हाच भरोसा नही राह्यना."

तेव्हापासून चारा मी टाकते. म्हैस तोंड लावते, न लावल्यासारखं. दूध आटलं, ते एक परवडलं. पण घरातली ही शांतता मला सहन होत नाही. अक्कांना हाताला धरून उठवायला गेले, तर हात सोडवून घेतात. मी रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं.

संध्याकाळी चाऱ्याच्या वेळेला म्हैस गोठ्यातून हंबरते. ओसरीवर बसलेल्या अक्का जन्मभर द्यायच्या तसाच, येते म्हणून, लगेच आवाज देतात, "थांब व माय, येस मी."

आणि बसून राहतात.