पाठमोरा बलभद्र

पळस्पे फाट्याजवळ ट्रेलरने भावोजींच्या स्कूटरला उडवलं, त्याला आठ महिने झाले होते. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण शुद्ध आली नाही. ताईने नवीन पनवेलच्या फ्लॅटमधला सोफा काढून हॉलमध्ये त्यांचा पलंग लावला. नाकातल्या नळीतून मुगाचं पाणी द्यायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. ती त्यांची दाढी करायची, पेपर वाचून दाखवायची, आणि मी गेलो की सांगायची, "आज त्यांनी माझ्याकडे बघितलं रे."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यापुढे सुधारणा नाही. ताईला ते सांगायचं माझ्यावर होतं. दर रविवारी ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

तिच्या समोरच्या दारात साठीच्या एक जैन भाभी राहतात, ताईला रोज डबा आणून देतात. त्यांच्या मंदिरातली मंडळी बस करून मांगीतुंगीला निघाली होती. भाभी म्हणाल्या, "दोन दिवस चल माझ्याबरोबर. मोठं तीर्थ आहे. तुझा चेहरा बघवत नाही मला."

ताई तयार नव्हती. मीच मागे लागलो. भावोजींजवळ नर्सिंग ब्युरोची बाई दोन दिवस मुक्कामाला ठेवली, औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या, आणि स्वतःही बसमध्ये बसलो. वाटलं होतं, तिकडे मोकळ्या हवेत बोलता येईल.

पहाटे चढायला सुरुवात केली. हजारो पायऱ्या. भाभी डोलीला नको म्हणाल्या. काठी टेकत, दर वळणावर थांबत चढल्या. ताई मात्र भरभर पुढे जायची आणि वळून आमची वाट बघायची. कितीतरी महिन्यांनी तिच्या अंगाला फिनेलचा वास नव्हता. मांगी शिखराच्या कड्यात कोरलेल्या मूर्ती बघत आम्ही एका मूर्तीपाशी आलो. तिची फक्त पाठ दिसत होती, तोंड डोंगराकडे.

"हे असे का बसलेत?" ताईने विचारलं.

भाभी खाली बसल्या, दम घेतला आणि सांगू लागल्या. "हा बलभद्र, कृष्णाचा मोठा भाऊ. द्वारका जळाली तेव्हा दोघंच वाचले. रानात कृष्णाला तहान लागली म्हणून हा पाणी आणायला गेला. तेवढ्यात कुणाचा तरी बाण लागून कृष्ण गेला. हा पाणी घेऊन आला, त्याला वाटलं भाऊ झोपलाय. मग त्याला खांद्यावर घेऊन निघाला. सहा महिने हिंडला. त्याला आंघोळ घालायचा, कपडे घालायचा, घास भरवायचा..."

मला पुढचं माहीत नव्हतं, पण कळायला लागलं होतं. "भाभी, उन्हं वाढतायत, निघू या," मी म्हणालो. त्यांना ऐकूच गेलं नाही.

"शेवटी एक देव माणसाच्या रूपात आला आणि खडकावर कमळं लावत बसला. बलभद्र म्हणाला, वेड्या, खडकावर कमळ उगवतं का? देव म्हणाला, मग तुझा भाऊ उठेल का? तेव्हा कुठे याचे डोळे उघडले. इथेच त्याने भावाला अग्नी दिला, आणि जगाकडे पाठ करून तपाला बसला."

ताई मूर्तीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण यांचा श्वास चालू आहे, भाभी."

आपण काय सांगून बसलो ते भाभींना त्या क्षणी कळलं. त्यांनी ताईचा हात धरला आणि रडायला लागल्या. "माझ्या मनात तसं काही नव्हतं गं."

"मला माहितीय," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुला माहीत होती ही गोष्ट?"

"नाही. शपथ."

ती माझ्याकडे बघत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी भाभींची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

अर्धा डोंगर उतरलो तेव्हा फोनला रेंज आली. ब्युरोच्या बाईचे सात मिस्ड कॉल. भावोजींना एकशे तीन ताप होता, छाती घरघरत होती. ताई पायऱ्यांवरून धावत सुटली. मी मागून ओरडत होतो, "अगं, पडशील!" पण धावून तरी काय होणार होतं? पनवेल दिवसभराच्या अंतरावर. बस संध्याकाळी निघणार. पायथ्याशी एक जीपवाला मिळाला. नाशिकपर्यंत ताई फोन कानाला लावून त्या बाईला सांगत होती, "त्यांच्या कानाशी धरा. मी येतेय म्हणून सांगते."

आम्ही पोचलो तेव्हा इमारतीतल्या मुलांनी त्यांना दवाखान्यात हलवलं होतं. न्यूमोनिया निघाला. नऊ दिवसांनी ते घरी आले, पूर्वीसारखेच. भाभी अजूनही रोज डबा देतात, पण दारातूनच.

त्यानंतरच्या एका रविवारी भावोजींची कूस बदलताना ताईने खाली मान घालून विचारलं, "मी चुकतेय का रे?"

त्यांचा खांदा माझ्या हातात होता, गरम आणि जड. "उशी जरा इकडे सरकव," मी म्हणालो. तिने सरकवली.