गजराबाईनं हात पुढं केला

कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझं चहाचं हॉटेल आहे. हमालांच्या युनियनचं ऑफिसही तेच, कारण युनियनला दुसरं ऑफिस नाही. भाडं कुणी देत नाही, उलट पंखा हळू फिरतो म्हणून मलाच चार शब्द ऐकावे लागतात.

यंदा हमालीची बोलणी जवळ आली तसे माझ्या बाकड्यांवर अंदाज सुरू झाले. श्रीमंतनं वाढ मिळायच्या आतच बायकोला फ्रिज कबूल करून टाकला. म्हातारे गुंडप्पा म्हणाले, "कायबी मिळायचं न्हाय असंच धरून चालायचं. मिळालं तर गोड लागतंय." हमालांचा मुकादम कोंडीराम मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "आशा बेताची धरा. म्या हाय की."

"आन् आमचं?" कोपऱ्यातून गजराबाईनं विचारलं.

गजराबाई ही कोंडीरामची बायको. मोंढ्यात धान्याला चाळणी मारणाऱ्या बायांची ती पुढारी. या बायांना रोज, म्हणजे दिवसाची ठरलेली मजुरी, नाही. दिवसभर धूळ खायची आणि संध्याकाळी ओट्यावर सांडलेलं मातीमिसळ धान्य, मातेरं, पदरात बांधून न्यायचं, हीच त्यांची मजुरी. मातेरं नको, ठरलेला रोज द्या, एवढंच त्यांचं मागणं.

"दर बारीला बोलतो की," कोंडीराम म्हणाला. "शेठ मानंना, म्या काय करू?"

आणि दरवेळी मला या माणसाची इतकी दया यायची, की बोलणी करून आला की त्याला मी फुकट चहा पाजायचो.

तो खरंच बोलतो का, हे कळायला मार्ग नव्हता. मोंढ्यात मालाचा लिलाव कधीचाच उघड्यावर होतो, पण हमालीचा दर अजून बैलबाजारातल्यासारखा ठरतो. आडत्यांच्या वतीनं सोमलिंगशेठ बसतात. दोघांच्या हातावर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. बाकीच्यांनी बाहेर बसून तोंडं बघायची. ही बोटांची भाषा कोंडीरामला सासऱ्यानं शिकवली. सासरा भूमच्या बाजारातला नावाजलेला दलाल. हमालांत ती दुसऱ्या कुणाला येत नाही, म्हणून तर हा मुकादम!

बोलणी दोन दिवसांवर आली आणि कोंडीराम पडला. जन्मभर पोती वाहिली तेव्हा काही झालं नाही, आणि दाव्यातून सुटलेल्या शेळीमागं पळताना उजव्या हाताचं मनगट मोडलं. बोटांपर्यंत प्लास्टर.

"डाव्या हातानं करा," श्रीमंत म्हणाला. त्याला फ्रिज दिसत होता.

"शेठ डाव्या हातानं यवहार करतील व्हय?" गुंडप्पांनी त्याला झापलं.

"मला येती की बोटं," गजराबाई म्हणाली. "आमचे आबा आधी माझ्याच हातावर शिकले शिकवायला."

सगळे हसले. कोंडीराम तेवढा हसला नाही. पण दुसरा इलाज नव्हता, युनियननं होकार दिला.

त्या दिवशी सोमलिंगशेठ आडतीच्या गादीवर मांडी घालून बसले होते. वर गॅलरीत शेठाणी मेथी निवडत होत्या. ओट्यावर हमाल बसले होते, त्यांच्यात प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून कोंडीरामही. मी चहाची किटली घेऊन गेलो, म्हणजे किटली हे निमित्त. शेठनी उपरणं झटकलं, हात पुढं केला आणि वर बघितलं, तर समोर गजराबाई. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बांगड्या मागं सारून हात पुढं केला.

शेठचा हात तिथंच थांबला. परक्या बाईचा हात उपरण्याखाली धरायचा, तोही भर मोंढ्यात! वर मेथीची जुडी थांबली होती. शेठनी एकदा गॅलरीकडं बघितलं आणि उपरणं खांद्यावर टाकलं.

"गजराबाई, तुम्ही आपलं तोंडानंच सांगा."

मग मोंढ्यात पहिल्यांदा हमालीचा दर सगळ्यांना ऐकू येईल असा बोलला गेला. गजराबाईनं मागितलं, शेठनी कमी केलं, तिनं पुन्हा चढवलं. श्रीमंतच्या फ्रिजएवढं नाही, पण गुंडप्पांना गोड लागेल इतकं मिळालं. हमाल उठायला लागले, तशी ती म्हणाली, "बसा. माझं व्हायचंय अजून. चाळणीवाल्या बायांना मातेरं नको, रोज पायजे."

शेठ म्हणाले, "देऊ की. सोयाबीनच्या हंगामापासून धरा. पण कोंडीराम, हे तू आजवर कधी काढलंच नाहीस?"

कोंडीराम प्लास्टरकडं बघत राहिला. "आकड्याला बोटं असत्यात, शेठ," तो पुटपुटला. "बायांसाठी बोटच न्हाय त्या भाषेत."

माझा असा संताप झाला की किटली तिथंच ठेवून दिली. किती वर्षं या माणसाला फुकट चहा पाजला मी! नंतर सगळे हॉटेलात आले तेव्हा त्याचे पैसे आधी मागून घेतले.

बाया बाकड्यांवर बसल्या होत्या, नेहमीच्या कोपऱ्यात नाही, मधोमध. कोंडीराम डाव्या हातानं बशी सावरत होता, चहा सदऱ्यावर सांडत होता. गुंडप्पांना कीव आली. "प्लास्टर कवा काढायचंय रं?"

"डाक्टर म्हनला, महिन्यानं."

गजराबाईनं कप खाली ठेवला.

"राहू द्या वाईच," ती म्हणाली. "काढायची एवढी घाई न्हाय."