जमीन न दिसणारं पाणी

एक्क्याण्णव सालची दिवाळी आटोपली आणि जळगावच्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांच्या, आबांच्या, डोळ्यांत काचबिंदू असल्याचं सांगितलं. बाजूचं दिसणं केव्हाच गेलं होतं, समोरचंही वर्ष-दोन वर्षांत जाणार होतं. सावद्याला परतताना एसटीत आबा खिडकीशी बसले होते. भुसावळ आलं तेव्हा म्हणाले, "पोरा, मले एकदा समुद्र पाह्याचा हाये. पन काठावरून नाही. जमीन दिसत नाही असं पानी पाह्याचं हाये."

सत्तर वर्षं केळीच्या बागेत काढलेला माणूस. पाणी म्हणजे विहीर, पाट आणि तापी. माझं म्हणाल तर मी शाळामास्तर, आणि शाळेत पाठ झालेल्या कवितांमधून समुद्र माझ्या चांगलाच ओळखीचा होता. तो गर्जायचा, फेसाळायचा, चंद्राला हाका मारायचा. प्रत्यक्ष मीही पाहिला नव्हता!

माझ्याबरोबर डी.एड. केलेला एक मित्र डहाणूला लागला होता. त्यानं पत्रानं कळवलं की ओळखीचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आम्हाला सोबत न्यायला तयार आहे. पण शुक्रवार-शनिवार या दोनच सकाळी. सोमवारी आमच्या बागेत केळी कापायला माणसं आणि ट्रक ठरलेला, त्यामुळे लांबवता येणार नव्हतं.

बुधवारी निघालो. जळगाव, पारोळा, धुळे, सगळा प्रवास लाल एसटीनं. पारोळ्याला किल्ल्याजवळ गाडी पंक्चर झाली, तेवढ्यात कंडक्टरनं आहिराणीत आबांना कुठं निघालात म्हणून विचारलं. "कथा जाई राहिनात आबा?"

"समुद्र पाह्याले."

"तठे काय शे? बठ्ठं खारं पाणी!"

धुळ्याला अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे मुक्काम. तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि भरपूर बोलणी असा बेत केला होता. "यांना अंगणातली बादली दिसत नाही, आणि तू यांना बोटीत बसवतोस?" आबा भाकरी मोडत म्हणाले, "बादली बाजूले असते, अक्के. समुद्र समोर हाये."

गुरुवारी नाशिक, तिथून त्र्यंबक-जव्हार करत डहाणू. हा रस्ता अजूनही मी सगळ्यांना सुचवतो. वळणं संपता संपत नाहीत, पण जव्हारच्या थंडगार हवेत मिळालेला चहा आजही जिभेवर आहे. त्या वेळी दोघांचं तिकीट मिळून एका धोतरजोडीच्या किमतीइतकं झालं, असा आबांचा हिशेब.

शुक्रवारी पहाटे तांडेलाच्या ओटीवर रेडिओभोवती बसलो. तांडेल पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. बातम्यांनंतर मच्छीमारांसाठी सूचना आली. समुद्र खवळलेला राहील, बोटी बाहेर काढू नयेत. मी ओटीवरून पाहिलं, तर पाणी परातीत ओतल्यासारखं निवांत.

आबा उठून उभे राहिले. "चला मंग!"

तांडेल चकित. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. रेडिओ 'पाऊस' म्हणाला की आम्ही कापूस वाळत घालायचो, आणि 'कोरडं' म्हणाला की ताडपत्री शोधायचो. बारापैकी दहा वेळा ते जमायचं. आबांनी तोच नियम समुद्राला लावला होता.

तांडेल हसला. "आबा, भरवसा माझा पण नाय त्याच्यावर. तो सगळ्या किनाऱ्याचं एकदम सांगतो, माझ्या दाराम्होरचं त्याला काय ठावं? पण तो खोटा निघाला तर माझा एक दिवस झोपेत जाईल. खरा निघाला नि मी बाहेर असलो, तर?"

बोट निघाली नाही आणि समुद्र दिवसभर तसाच पडून राहिला. आबा वाळूत बसून तांडेलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत होते, "कपडे धुवाले चांगलं पानी हाये!" दोनातली एक सकाळ गेली होती. संध्याकाळी शेजारी बोंबील तळले जात होते. आम्ही मासे न खाणारे, म्हणून अक्काची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

शनिवारी रेडिओ म्हणाला, समुद्र शांत राहील. मी हळूच म्हटलं, "आबा, आपल्या नियमानं आज जायला नको."

"नियम कापसाचा हाये," आबा म्हणाले आणि धोतर खोचून चालायला लागले.

तांडेलानं आकाश पाहिलं, वाऱ्याला गाल दिला आणि बोट काढली. तो, त्याचे दोन खलाशी आणि आम्ही दोघं. पहिला तास मी मनातल्या मनात कविता म्हणत होतो. दुसऱ्या तासाला वारा उठला आणि कविता पोटातल्या चहासह बाहेर पडल्या. किनारा बुडाला होता, पण मागे एक डोंगर मान वर काढून उभाच होता. आबा दर थोड्या वेळानं वळून पाहायचे आणि म्हणायचे, "अजून हाये."

लाटा वाढल्या. फळीवर बसलेले आबा ओरडले, "बापरे! पुरी केळीच्या झाडाएवढी हाये! दहा फूट!"

तांडेलानं इंजिन मंद केलं. दहा फूट असेल तर परत फिरणं भाग होतं. आणि परत फिरलो तर आबांच्या नशिबात तो डोंगर कायमचा मागे उभा राहणार होता.

"बसून लाट मोजायची नसते," तांडेल म्हणाला. "बसलेल्याला सगळं डोंगराएवढं दिसतं. उभे रहा, डोलकाठी धरा. बोट खड्ड्यात गेली की पुढं बघा, पाणी-आभाळाची रेघ आहे तिकडं. लाटेचं डोकं रेघेवर चढलं, तर लाट तुमच्या डोळ्यांपेक्षा उंच. रेघ वर दिसली, तर लाट लहान. मग गुडघे वाकवून खाली या, लाटेचं डोकं रेघेला टेकेपर्यंत. तेवढी लाट."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तरांना नको सांगायला. ते चहूकडं बघून चक्कर खातात."

"मले इकळचं-तिकळचं दिसतच नाही," आबा म्हणाले. "रेघच दिसते तेवढी."

सत्तरीचा माझा बाप डोलकाठी कवटाळून उभा राहिला. बोट खाली गेली. एक लाट, दुसरी, तिसरी. केळीला माती लावताना वाकायचे तसे ते हळूहळू गुडघ्यांत वाकत होते. सात-आठ लाटा झाल्यावर त्यांनी तळहात आडवा करून डोळ्यांसमोर धरला आणि तो तिथंच ठेवून पुन्हा ताठ उभे राहिले. तळहात छातीशी आला.

"इथपर्यंत."

"नक्की? आपल्याला पुढं जायचंय म्हणून नाय ना सांगत?"

आबांना राग आला. "चाळीस वर्षं घड मोजून देले मी. एक कधी वाढवला नाही."

तांडेलानं स्वतः एकदा उभं राहून खात्री केली आणि मान हलवली. छातीपर्यंत चालेल, डोक्यावर गेली की तोंड फिरवू, असं सांगून त्यानं इंजिन वाढवलं.

अर्ध्या तासानं आबांचा आवाज आला, "गेला!" डोंगर बुडाला होता. बाजूचं दिसत नसल्यानं चारी दिशा पाहायला त्यांना अख्खं अंग फिरवावं लागत होतं. डोलकाठी धरून, पाऊल-पाऊल सरकत त्यांनी एक पूर्ण फेरी घेतली. पुन्हा उलटी एक. "सारं पानीच हाये," एवढंच म्हणाले. तांडेलानं नंतर स्वतः उठून रेघ पाहिली आणि सुकाणू वळवलं. परतीला लाटा खरोखर डोक्यावर गेल्या. खाडीत शिरलो तेव्हा आम्ही पाचही जण चिंब होतो आणि आबा गात होते.

जाणार असाल तर दोन सूचना. अंगावर तरंगण्याचं जाकीट घालाच, आम्हाला ते ठाऊकही नव्हतं. आणि अंदाज मोबाईलवर पाहिला तरी बोट काढायची की नाही, हे तांडेलालाच ठरवू द्या. त्याला घाई करू नका.

सोमवारी केळी वेळेवर कापली गेली. पुढच्या उन्हाळ्यानंतर आबांना समोरचंही दिसेनासं झालं. संध्याकाळी ओट्यावर माणसं समुद्राची गोष्ट ऐकायला यायची, आणि सांगायचो मी. आता कबूल करतो, डोंगर बुडाला तेव्हा मी बोटीच्या कडेवर ओणवा होतो. ते जमीन न दिसणारं पाणी मी पाहिलंच नाही. मग काय, सांगताना फेस यायचा, गर्जना यायची आणि लाट दरवेळी हातभर वाढायची.

ती डोक्यावर चढली की खाटेवरून आबा तळहात आडवा करून छातीला लावायचे. "इथपर्यंत व्हती," म्हणायचे. "त्याले इचारू नका. मी पाह्यली हाये."