जुन्या फोनवरची मारिंबा

"काढून टाकलंस? मला न विचारता?"

"अगं, अडगळ होती ती, ओदिलिया! जुन्या फोनांसाठी वेगळा लिहिलेला कोड. कोण वापरतं आता ते फोन?"

"माझ्या बाबांच्या वर्गातली पोरं वापरतात!"

"मी तपासलंय. ॲप व्यवस्थित वाजतं."

"कसं तपासलंस? दाखव बघू."

रुबेलिओनं पावाचा तुकडा तोंडात कोंबला, डाव्या हातात फोन धरला आणि उजव्या तर्जनीनं पडद्यावरच्या मारिंबाच्या, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या त्या वाद्याच्या, लाकडी पट्ट्या टुक टुक वाजवल्या.

"एका बोटानं!" ओदिलिया कडाडली. "शेलासारख्या मारिंबाच्या शहरात जन्मलास आणि मारिंबा एका काठीनं वाजवतोस? आजीला सांग तुझ्या, झाडू घेऊन येईल."

मी शेजारच्या टेबलावर त्याच ॲपची चित्रं काढत होते. मान वर केली नाही. आमच्या तिघांच्या कंपनीत ओदिलिया कोयोय चिडली की मान खाली ठेवायची, हे मला ठाऊक आहे. लग्नाच्या मांडवात बाबांच्या मारिंबाखाली झोपून ती मोठी झाली. बाबा, साबिनो मास्तर, आता मोमोस्तेनांगो गावात मारिंबा शिकवतात. वर्गात लाकडी मारिंबा एकच, म्हणून पोरं घरी फोनवर सराव करतात. उत्तरेत, परदेशात कामाला गेलेल्या एखाद्या पोराच्या मामानं नवा फोन घेतला की त्याचा जुना गावी येतो; पोरांच्या हाती असतो तो हा फोन. हे ॲप ओदिलियानं त्या फोनांसाठीच लिहिलं.

तपासायला आणलेला बाबांचा जुना फोन तिनं रुबेलिओसमोर आपटला. "आता ऐक." दोन बोटं दोन पट्ट्यांवर टेकली. दोन्ही सूर घुमू लागले; बोट उचललं की त्याचाच सूर थांबायला हवा. डावं बोट उचललं. उचललेल्या बोटाची पट्टी घुमत राहिली आणि टेकलेल्या बोटाची गप्प झाली.

रुबेलिओ चावायचा थांबला.

"तुझ्या साफसफाईत बोटं नुसती ओळीत मोजली जातात," ती म्हणाली. "पहिलं उठलं की दुसरंच पहिलं होतं. कुठलं बोट कुठलं, ते जुन्या फोनांवर आपण धरून ठेवायचं असतं. माझी अडगळ तेवढंच करत होती. एका मारिंबापाशी तिघं वाजवायला उभे आहेत, पहिला पाणी प्यायला गेला, तर दुसऱ्यानं त्याच्या पट्ट्या वाजवायच्या?"

"बरं बाई. मग जुन्या फोनांवर एकच बोट चालू ठेवू. खाली लिहू, नवा फोन घ्या."

"त्यांना तो नवाच आहे रे! पोराला वाटेल, मीच चुकलो. बाबा ओरडतील, हात नीट ठेव. ते पोर काठ्या टाकून निघून जाईल. चूक तुझी आणि बोलणी त्याला!"

"तू ना, दर वेळी रडगाणं गातेस."

"रडत नाहीये. तुझ्या अंगावर ओरडतेय. कळतंय का फरक?"

रुबेलिओनं हात जोडले, पण आवाज चढलेलाच होता. "शाळांना आजचा शब्द दिलाय मी! ॲप लोकांपर्यंत तुझ्याच खात्यातून जातं, म्हणून विनवतोय. आज पाठव. तुझं ते पुढच्या वेळी परत घालू."

"मागच्या वेळीही असंच काही काढून हेच म्हणालास. आत्ता घाल."

"आत्ता शक्य नाही."

ओदिलियानं बाबांचा फोन उचलला, पडदा शालीच्या टोकानं पुसला आणि पिशवीत टाकला. स्वतःचा संगणक मिटला, तोही पिशवीत गेला.

"ए, संगणक कुठे नेतेस? ओदिलिया! पाठवतेस ना ॲप?"

ॲपसकट ती दार उघडून जिना उतरू लागली.