कॅमेऱ्याचं सोवळं

आमच्या घरात सोवळं आलं ते देवामुळे नाही, कॅमेऱ्यामुळे आलं. देव बिचारे साधे होते. एका कोनाड्यात चौघं मिळून राहायचे आणि पारोशा हाताने लावलेली उदबत्तीही गोड मानून घ्यायचे. कॅमेऱ्याचं तसं नव्हतं. त्याच्याजवळ जाण्याआधी हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, मग पुन्हा कोरडे करायचे, आणि एवढं करूनही त्याला हात लावायचा तो फक्त ह्यांनी.

हे म्हणजे माझे यजमान. साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. त्यातल्या एका ठेकेदाराकडे हे स्टोअरकीपर होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे; बोईसरला स्टेशनापासून थोड्या अंतरावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. यंत्रांचे सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि लागेपर्यंत ते गंजू न देणं हे ह्यांचं काम. भागाला ग्रीस फासायचं, तेलकट कागदात गुंडाळायचं, सोबत ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांची पिशवी सोडायची, झाकणाच्या फटी मेणाने बुजवायच्या आणि वर लेबल लावायचं. ह्या कामात ह्यांचा हात कोणी धरत नसे. पण संध्याकाळी घरी येताना हे ते काम तिथंच ठेवून येत नसत, तिथं माझं नशीब आडवं आलं. माझ्या लग्नातल्या शालूला लेबल होतं. पाहुण्यांच्या कपबश्यांना लेबल होतं, आणि पाहुणे आले तरी त्या बाहेर निघत नसत. रजासुद्धा हे साठवून ठेवायचे. ऐन वेळी लागते म्हणायचे.

अशा माणसाच्या हाती जर्मन कॅमेरा लागला. प्रकल्पावरचा एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत निघाला, त्याने घरातलं सामान विकायला काढलं. त्याच्याकडे कॅमेरे दोन होते. त्यातला कोरा करकरीत ह्यांनी घेतला. आमची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती आणि मी माहेराहून बाळंतपण आटपून नुकतीच परतले होते. आता पोरीचा दर महिन्याला एक फोटो काढू, असं हे म्हणाले. मी इतकी हरखले की त्या दिवशी बदाम घालून शिरा केला. तो शिरा वाया गेला, हे आत्ताच सांगून टाकते.

कॅमेऱ्याला स्वतःची चामड्याची केस होती. ह्यांनी त्यावर फ्लॅनेलचं फडकं गुंडाळलं, त्यावर तेलकट कागद, आणि ते सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निळ्या दाण्यांच्या पिशवीसकट ठेवलं. डब्यावर लेबल लावलं: कॅमेरा, नग एक, स्थिती नवीन. कोणी बघायला आलं की हे डबा उघडून केसपर्यंत दर्शन घडवायचे. पाहुणा वाकून बघायला लागला की ह्यांचा जीव वरखाली व्हायचा. माणसाच्या श्वासात ओल असते, असं हे मला समजावून सांगत. मी म्हटलं, मग आता आम्ही श्वास बंद करावा काय? तर म्हणाले, डब्याजवळ असताना थोडा बेताने घे.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा माझ्या वडिलांचं पत्र आलं. माझे वडील सुतार. आई माझी लहानपणीच गेली. त्यांनीच मला वाढवलं. त्यांचं अक्षर एका ओळीत, रंधा मारल्यासारखं असायचं. ह्या पत्रात मात्र ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. डोळ्यांत काचबिंदू झालाय, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली वर्ष-दीड वर्ष पुरेल असं डॉक्टर म्हणतात, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एवढंच मागणं होतं: नात तीन महिन्यांची पाहिली होती, आता दात आले असतील, चालत असेल, तिचा एक फोटो धाड. दिसतंय तोवर बघून घेतो.

पत्र वाचून मी रडले. ह्यांनाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ह्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला की असा फोटो काढीन की मामा बघत राहतील; माझ्या वडिलांना हे मामा म्हणत. मी म्हटलं, त्यापेक्षा आपण जाऊनच येऊ. तर रजा ऐन वेळेसाठी होती. मी एकटी जाते म्हटलं, तर तान्ह्या पोरीला घेऊन गाड्या बदलत एवढ्या लांब बाईमाणसाने जायचं नाही. मग पालघरला स्टुडिओत जाऊन फोटो काढून आणू, म्हटलं. त्यावर ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरात जर्मन कॅमेरा असताना स्टुडिओत जाऊन बसलो तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणाले.

झालं, तयारी सुरू झाली. दर रविवारी सकाळी अंगणात स्टूल मांडायचं, त्यावर पोरीला पावडर-कुंकू करून बसवायचं आणि ह्यांनी समोर उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावायचा. हे म्हणायचे, "हलू नको. हलू नको. हं... झालं!" आमची पोर गुणाची. 'झालं' ऐकेपर्यंत ती पापणी हलवायची नाही. ऐकलं की उडी मारून पळायची. पहिल्या रविवारी मी विचारलं, रोल कितीचा घातला? तर रोल घातलाच नव्हता. ही नुसती तालीम होती. मी नीट बघितलं तर केसचं बटणही उघडलेलं नव्हतं. माणूस चामड्याला डोळा लावून उभा, आणि समोर पोर दगड होऊन बसलेली! मी कपाळाला हात लावला. हे म्हणाले, आधी हात बसू दे, उगीच यंत्र का झिजवायचं?

थंडी अशी तालमीत गेली. उन्हाळ्यात धूळ होती. मे महिन्यात शेजाऱ्यांबरोबर एडवणच्या किनाऱ्यावर गेलो, तेव्हा हे खरंच रोल घेऊन निघाले होते. मला वाटलं, आज गंगेत घोडं न्हालं. पण समुद्र दिसताच ह्यांना खारा वारा आठवला. कॅमेरा टॉवेलमध्ये, टॉवेल पिशवीत, पिशवी पोटाशी, असे हे मागच्या वाडीत नारळाच्या बुंध्याआड समुद्राकडे पाठ करून दिवसभर बसले. जेवणाचं ताट तिकडे पाठवावं लागलं. इकडे पोर जन्मात पहिल्यांदा समुद्र बघत होती. लाट आली की किंचाळून मागे पळायची आणि लाट गेली की तिला हाका मारायची. मी दोनदा वाडीत जाऊन सांगितलं, आत्ता या, आत्ताच्या आत्ता या. हे म्हणाले, वारा पडू दे. समुद्रावरचा वारा पडायची वाट बघणारा माणूस मी पहिलाच पाहिला.

पावसाळ्याच्या तोंडाशी ह्यांनी डब्याच्या फटी मेणाने बुजवल्या त्या थेट दिवाळीत उघडायच्या ठरवून. दसऱ्याला मी हळद-कुंकवाची वाटी घेऊन गेले. माझ्या माहेरी दसऱ्याला रंधा, करवत, पटाशी सगळ्यांना कुंकू लागायचं आणि दुसऱ्या दिवशी ती हत्यारं त्या कुंकवासकट कामाला लागायची. वडिलांच्या रंध्याला अंगठ्याच्या जागी चांगला खळगा पडलेला होता. त्यात मी लहानपणी बोट घालून बघायची. ह्यांनी कुंकू डब्याच्या झाकणावर लावू दिलं, तेही मेणाला धक्का न लावता. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की तव्यावर तापवून पुन्हा निळे करायचे असतात, हे मला ह्यांनीच शिकवलेलं. दाण्यांचं काय झालं असेल, मी विचारलं. ते बघायला डबा उघडला तर बाहेरची हवा आत जाईल, असं उत्तर मिळालं. स्टोअरमधली खोकी हे दर महिन्याला उघडून तपासायचे. घरचा डबा मात्र जिवापाड प्रेमापायी उघडला नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी वडिलांचं दुसरं पत्र आलं. ते गावच्या मास्तरांनी लिहिलेलं होतं. वडिलांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं, फोटो पाठवलात का, वाटेत गहाळ झाला असेल, असं ते म्हणतात, एवढाच मजकूर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सुरी घेतली आणि ह्यांच्यासमोर डब्याचं मेण खरवडून काढलं. आत दाणे गुलाबी पडलेले. केसला पांढरी बुरशी. ह्यांनी कॅमेरा बाहेर काढला, उजेडात धरला, तर भिंगाच्या आत कोळिष्टकासारखी जाळी पसरलेली. बाहेरून एक ओरखडा नव्हता. हे जमिनीवर बसले ते बसलेच.

मी पोरीला कडेवर घेतलं, कॅमेरा पिशवीत टाकला आणि स्टेशनाकडे निघाले. माकुणसारचा एक फोटोग्राफर तिथं सायकलवरून यायचा, भिंतीला पांढरी चादर टांगून मजुरांच्या पासाचे फोटो काढायचा. त्याच्या कॅमेऱ्याच्या भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेलं होतं आणि पट्ट्याच्या जागी सुतळी. हे रोज कामावर जाता-येता त्याच्याकडे बघून हळहळायचे, यंत्राचे हाल करतो म्हणायचे. त्याने आमचा कॅमेरा हातात घेतला, फुंकर मारली, आत बघितलं आणि म्हणाला, "वैनी, कातडा ओल धरते. तुमी कोंडून ठेवलात म्हनून असा झाला. रोज हातात घेतला असता तर काय नाय झाला असता." मग त्याने पोरीला चादरीपुढे उभं केलं आणि मी तिचे केस सारखे करेपर्यंत त्याचा फोटो काढूनही झाला होता.

फोटो सुरेख आला. पोर बोट तोंडात घालून हसत होती. ह्यांनी तो बराच वेळ बघितला आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला. ऐन वेळ आली होती, आली कसली, येऊन गेली होती.

वाटेत मुंबईला एका दुकानात कॅमेरा दाखवला. काच खाल्ली गेलीय, आता काही होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तो पुन्हा पिशवीत घालून आम्ही गावी पोचलो. वडील ओट्यावर बसले होते. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दाराच्या उजेडाकडे तिरका धरला, उलटा-सुलटा करून अंगठ्याने चाचपला. कागद गुळगुळीत होता, त्यात अंगठ्याला काय सापडणार? "छान आहे," ते म्हणाले. "जपून ठेव हो."

जपून ठेव! ह्यांनी मान खाली घातली. मग काय मनात आलं कोण जाणे, ह्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला, केस सोडवून बाजूला ठेवली आणि उघडा कॅमेरा वडिलांच्या हातात दिला. माझ्यामुळे फोटो राहिला, मामा, असं काहीसं पुटपुटले. वडिलांनी तो सगळीकडून चाचपला. कडा, कोपरे, बटणं. हत्यार हातात घेतल्यावर बघायचे तसंच.

"नवा घेतलाय का, जावईबापू?"

"नाही. दोन वर्षं होत आली."

"मग हात फिरलेला न्हाई ह्याच्यावर," वडील म्हणाले आणि कॅमेरा हळूच परत केला. रागावलेले नव्हते. जे बोटांना लागलं ते सांगितलं.

मग त्यांनी नातीला समोर घ्यायला सांगितलं. मी तिला लाकडी स्टुलावर बसवलं. कित्येक महिन्यांत तिच्याकडून कोणी तालीम करून घेतली नव्हती, पण स्टुलावर बसवलं आणि समोर माणूस आला की काय करायचं ते तिला पाठ होतं. ती ताठ बसली. वडिलांनी दोन्ही हात पुढे केले. घट्टे पडलेली, फळीसारखी कडक झालेली ती बोटं तिच्या कपाळावरून, भुवयांवरून, नाकावरून, गालांवरून सावकाश फिरली. ओठांपाशी थांबली, आतले दात चाचपले, पुन्हा वर गेली. तेवढा वेळ पोरीने पापणी हलवली नाही की तोंड वेडावलं नाही. एवढं शिस्तीत बसलेलं लेकरू वडिलांनी जन्मात पाहिलं नसेल, आणि हेही त्यांनी पाहिलं नाहीच.

हात बाजूला झाले तरी ती तशीच बसून राहिली. डोळे फिरवून ह्यांच्याकडे बघत होती. 'झालं' म्हणायचं काम ह्यांचं होतं. हे खांबाला टेकून उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शेवटी मीच म्हटलं, झालं गं बाळ. तेव्हा ती उतरली.