पालखीमागून लशीची पेटी

मी एकदा ग्रामदेवतेला वेळ बदलून घ्यायला सांगितलं होतं. थेट देवीला नव्हे, तिच्या मानकऱ्यांना. पण ते एकच.

तेव्हा मी नवी आरोग्यसेविका होते. रत्नागिरी शहरात वाढलेली, कडक इस्त्रीची साडी नेसणारी, आणि डोक्यात हवा अशी की आता या डोंगरातल्या वाड्या मीच सुधारणार. तेही वर्षभरच हं. मग बदलीचा अर्ज टाकायचा आणि शहरात पंख्याखाली बसायचं, एवढं हुशारीचं आयुष्य मी आखून ठेवलं होतं.

शेजारच्या वाडीत गोवर आला. आमच्या वाडीतल्या पोरांना तो गाठायच्या आत टोचायला हवं होतं. मी घरोघर सांगून आले, अमुक दिवशी सकाळी पोरं शाळेत आणा. बायका माना डोलावत एकमेकींकडे बघून हसत होत्या. मला वाटलं, माझ्यावर खूश आहेत.

त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मी आणि बर्फात ठेवलेली लशीची पेटी, दोघीच. शिमग्याचे दिवस, आणि देवीची पालखी नेमकी त्याच दिवशी आमच्या वाडीत. ते मला ठाऊक होतं बरं का. पण माझा हिशेब असा, की पालखी येते, बायका ओटी भरतात, ती जाते. तेवढ्यासाठी दिवसभर घरी कोण बसतं? अख्खी वाडी बसते. पालखी कुठल्या घरी किती रेंगाळेल याचा नेम नसतो, आणि ती येऊन गेल्याशिवाय कोणी उंबरा सोडत नाही.

बर्फ विरघळायला लागला. तो संपला की लस फुकट, आणि दुसरी मिळेपर्यंत गोवर काही थांबणार नव्हता. मी पदर खोचला आणि वाजतगाजत येणाऱ्या पालखीसमोर जाऊन उभी राहिले. ढोल थांबले.

"पालखी जरा संध्याकाळी फिरवाल का?" मी म्हणाले. "सरकारी काम आहे."

पुढे चालणारे म्हातारे मानकरी म्हणाले, "आईलाच विचार. ती बसलेय आत."

लोक असे हसले की मला रडूच फुटलं. रडत रडतच मी गोवराचं सांगितलं. हसणं थांबलं.

"पोरं आज कुठं हायत?" मानकऱ्यांनी विचारलं. "घरात ना? मग तू शाळेत काय करतंस? चल आमच्या मागनं."

गेले. प्रत्येक घरी आधी देवी, मग मी. मुंबईहून सणाला आलेली पोरंसुद्धा हाती लागली. शेवटच्या घरी मात्र आजीने नातवाला पदराखाली घेतलं. पालखीतल्या आईसमोर पोर रडवायचं नाही, म्हणाली. मानकरी तिच्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी घरासाठी देवीकडे मागणं मागत गाऱ्हाणं घातलं आणि शेवटी जोडून दिलं, "आणि ही बाय सुया घेऊन दारात आलेली हाय, तिच्या हाताला यश दे, पोरांना राख रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आजीही सवयीने म्हणून बसली, आणि मग तिला पदर उचलावाच लागला. पेटीत तेव्हा बर्फाचे चार खडे उरले होते.

बदलीचा अर्ज मी कधी लिहिलाच नाही. सगळी नोकरी त्याच वाड्यांत काढली, आणि मजेत काढली. हल्ली बाजारात मिशा पिकायला लागलेले बाप्ये मला बघून दंड चोळतात. याहून मोठा सत्कार मला नको.

त्या संध्याकाळी इस्त्रीची साडी गुलालाने माखलेली, आणि मी पेटी उचलून निघाले होते. कडेवर हुंदके देणारा नातू घेऊन ती आजी दारापुढच्या खळ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बाय, पुढल्या शिमग्याला तू पालखीच्या पुढं चाल. तुला बघून पोरं पळतील, आईला वाट तरी मोकळी मिळेल."