तिरोड्याला विमानाने

वेळ वाचवण्यासाठी आमच्या साडूभाऊंइतका वेळ खर्च करणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसावा. धानाची गिरणी सांभाळून त्यांनी खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला आणि मित्रांच्या भागीदारीत एक जुने दोन आसनी विमान घेतले. "रस्ता ट्रॅक्टरसाठी असते, साडूभाऊ," हे त्यांचे ठाम मत. या परवान्यावर प्रवाशाकडून भाडे घेता येत नाही. तसा प्रवासीही मिळत नाही. एकदा त्यांनी पाहुण्याला नागझिऱ्याच्या अभयारण्यातला वाघ वरून दाखवायला नेले. नियमाप्रमाणे बरेच उंच राहावे लागले. पाहुण्याला झाडांचे शेंडे दिसले. वाघ, साडूभाऊंच्या म्हणण्याप्रमाणे, सावलीत होता.

परवान्याचा खरा उपयोग भाऊबीजेला. त्यांची थोरली बहीण तिरोड्याला राहते. गोंदियाहून रेल्वेने अर्ध्या तासाची वाट. पण तिरोड्याला विमान उतरत नाही. म्हणून साडूभाऊ आधी उलट दिशेला धावपट्टीवर जातात, तिथून उडून बहिणीच्या घरावरून नागपूरला उतरतात आणि रेल्वेने मागे तिरोड्याला येतात. दुसऱ्या दिवशी विमान आणायला पुन्हा नागपूर. इकडे ओवाळल्याशिवाय बहीण घास घेत नाही, आणि तिला साखरेचा आजार.

गेल्या भाऊबीजेला दुसऱ्या आसनासाठी त्यांनी मला नेले; धावपट्टीपर्यंत माझ्या मोटरसायकलवर. धानाच्या खाचरांवर धुके बसलेले. "सेठ, आज मुश्किल है," पहारेकरी म्हणाला. धुके विरले, तर नागपूरला उतरायची परवानगी येईना. बहिणीचा फोन आला.

"कवा येतेस रे?"

"येऊनच राहिलो, बाई. विमान तयार हाय."

"पॅसेंजर गाडी बी तयारच असते!"

दुपार कलली तेव्हा फोनवर तिची सून होती. "मामाजी, आईची साखर उतरली, हात थरथरून राहिले. साखर द्याले गेली, तं तोंड फिरवते."

फोन ठेवतात न ठेवतात तोच परवानगी आली. साडूभाऊंनी विमानाकडे पाहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मोटरसायकल काढा."

मुर्री गावाच्या पुढे, तिरोड्याच्या रस्त्यावर, खड्डे, म्हशी आणि ट्रॅक्टर यांच्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

घरात कोणी नव्हते. सगळे गच्चीवर. बहीण खुर्चीत बसलेली, भोवती गल्लीतल्या बाया, सगळ्यांच्या माना वर. घर वरून ओळखू यावे म्हणून कठड्याला तिची लाल साडी बांधलेली. जिन्यातून वर आलेला भाऊ पाहून ती म्हणाली, "खालून काऊन आलास?"

"तू उपाशी होतीस, बाई."

"उपास तं दरसालचा हाय. या बायाइले सांगून ठेवलं होतं, माहा भाऊ आता वरून जाईल म्हणून."

"वरून गेलो तरी ओवाळून घ्याले नागपूरहूनच येतो ना मी? उशीर होते."

"होऊ दे ना. वरून गेलास का मले समजते, भाऊ निघाला."

तिने ओवाळले. त्यांनी तिच्या तोंडात पहिला घास घातला. तो तिने खाल्ला. बाया एकेक करून खाली उतरल्या. साडूभाऊ कठड्याशी जाऊन साडी सोडू लागले. दिवसभराच्या वाऱ्याने गाठी आवळल्या होत्या. खाली ताटे वाढून झाली, तरी ते तिथेच होते.